पडद्यावरची सरळ रेघ

२ फेब्रुवारी, सोमवार

आज जुना पॅनल उतरवला. चौघांनी धरून भिंतीपासून सुटा केला तेव्हा मागे भिंतीचा मूळचा रंग निघाला, फिकट हिरवा. बाकी भिंत वाफेने तपकिरी झालेली. त्या पॅनलमधले रिले दिवसभर टकटक करायचे. ते बंद झाल्यावर खोली परक्याची वाटायला लागली. त्याच्या जागी आता माझा पीएलसी आहे, म्हणजे यंत्रं चालवणारा छोटा संगणक, बुटांच्या खोक्याएवढा. बाबांनी पहिल्या दिवशीच त्याला 'खोकं' म्हटलं आणि आता सगळं खातं तेच म्हणतं.

आमच्या खात्यात रेझिन, म्हणजे कृत्रिम राळ, बनतं. सहा टनांच्या बंद भांड्यात, म्हणजे केटलमध्ये, एक द्रव घ्यायचा, वाफेने तापवायचा, मग दुसरा हळूहळू सोडायचा. एका टप्प्याला वाफ बंद करायची, कारण तिथून पुढे माल स्वतःच तापत जातो. मग केटलभोवती थंड पाणी फिरवून त्याला आवरायचं. नाही आवरला, तर केटल फुटते. हे आवरण्याचं काम बाबांनी एकतीस वर्षं हाताने केलं. आता ते खोकं करणार, आणि कसं करायचं ते खोक्याला मी शिकवणार. एका टेबलावर जेवणाऱ्या दोघांसाठी हे जरा अवघडच आहे. म्हणून घरी कामाचं बोलत नाही, इथे लिहिते.

खात्यात ते मला मॅडम म्हणतात. "मॅडम, हा व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला उघडतो ते तुमच्या खोक्याला ठाऊक आहे ना?" पैलवान खो खो हसला. (पैलवान म्हणजे दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर. फुंकर मारली तर उडेल, म्हणून पैलवान.) मीही हसले. नंतर कुणी बघत नाही असं पाहून तपासून आले. बरोबर होता.

३१ मार्चला बाबा निवृत्त होतात.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिली बॅच तीनदा अडली. तापमानाचा आकडा उड्या मारतो. एकाहत्तर, एकाहत्तर, त्र्याऐंशी, सत्तर, नव्याण्णव. अठ्ठ्याण्णवला ट्रिप ठेवलेला आहे, म्हणजे तिथे वाफ बंद, थंड पाणी पूर्ण चालू आणि भोंगा. तीनदा भोंगा झाला, तीनदा माणसं बाहेर गेली, तीनदा परत आली. तिसऱ्यांदा कुणी धावलं नाही, चालत गेले.

कारण सापडलं. केटलमधल्या घुसळणीच्या मोटरची जाड केबल आणि तापमानाच्या सेन्सरची बारीक वायर वायरमनने एकाच ट्रेमधून नेली आहे. मोटरचा गोंगाट वायरीत उतरतो. वायर वेगळी न्यायला दोन दिवस लागतील.

साहेब म्हणजे आमचे प्रॉडक्शन मॅनेजर. म्हणाले, "दोन दिवस? मॅडम, दोन तास मागा. सॉफ्टवेअरमध्ये काही करता येत नाही का?"

करता येतं. तेच वाईट आहे.

७ फेब्रुवारी, शनिवार

एक आकडा बदलला. फिल्टर पाच सेकंदांचा होता, तो नव्वदचा केला. आता पडद्यावर दिसतं ते गेल्या दीड मिनिटाचं सरासरी तापमान. उड्या गेल्या. रेघ अशी सरळ की पट्टी लावून ओढल्यासारखी. ट्रिपही दिवसभरात एकदाही उगाच पडला नाही. साहेबांनी पडद्याचा फोटो काढून हेड ऑफिसला पाठवला.

वायरीचं काम मार्चमध्ये करायचं ठरलं. मनाला थोडं लागून राहिलंय, पण सगळीकडे असंच चालतं.

११ फेब्रुवारी, बुधवार

केटलच्या डोक्यावर एक जुना डायल आहे, काट्याचा. बाबा त्याच्याकडे बघून पडद्याकडे बघतात आणि मग माझ्याकडे. दोन तास तिथे उभी राहून आकडे टिपले. माल स्थिर असताना दोन्ही सारखे. तापमान चढताना डायल चार अंश जास्त दाखवतो. म्हणजे त्याचा काटा अडकत असणार. इतक्या वर्षांच्या काट्याकडून आणखी काय अपेक्षा करायची?

दोन वेगळे आकडे दिसले की माणसं गोंधळतात, म्हणून डायल काढायला सांगितला. बाबा म्हणाले, "राहू दे की. खातो का काही?" सगळ्यांसमोर 'राहू दे की', मॅडम नाही, काही नाही. मला राग आला. म्हटलं, "काढा."

फिटरने काढला. भोकाला बूच बसवलं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

साहेबांना बॅच वीस मिनिटांनी लवकर हवी आहे. दुसरा द्रव सोडायचा वेग वाढवला. चार बॅचेस नीट उतरल्या. मला शाबासकी मिळाली.

बाबांचं मात्र काहीतरी बिनसलंय. दर दहा मिनिटांनी खुर्चीतून उठतात, केटलभोवती फिरून परत येणाऱ्या पाण्याच्या नळीवर तळहात टेकतात आणि मान तिरकी करून उभे राहतात. हेड ऑफिसचे दोघे पाहुणे आले होते, त्यांच्यासमोरही तेच. एकाने मला हळूच विचारलं, "हे काय करतायत?" मी म्हटलं, "जुनी सवय." ते माझे वडील आहेत हे सांगितलं नाही. का नाही सांगितलं, माहीत नाही.

घरी आल्यावर ठिणगी पडलीच.

"तुझ्या खोक्याला केटल उशिरा कळते," बाबा म्हणाले.

"उशिरा म्हणजे?"

"म्हणजे उशिरा. हाताला आधी लागते, पडद्यावर मागून येते. आणि मोटरचा आवाज जड होतो हल्ली. आधी नव्हता होत."

"बाबा, तुमच्या तळहाताला अंश कळतात का?"

आई म्हणाली, "अहो, आता सोडा ना. दीड महिना राहिलाय. पोरगी करेल तिचं ती." मग मला आत बोलावून म्हणाली, "त्यांना रिकामं व्हायची भीती वाटते गं. समजून घे."

समजून घेतेय. एकतीस वर्षांचं काम एका खोक्यात गेलं, कुणालाही लागेल. पण मग तसं सांगावं माणसाने, माझ्या प्रोग्रॅमला नावं कशाला ठेवायची?

२४ फेब्रुवारी, मंगळवार



सकाळी सव्वाअकराला मी कंट्रोल रूममध्ये होते. पडद्यावर एकोणनव्वद. रेघ हळूहळू चढत होती, तशी ती चढतेच. बाबा नळीपाशी होते. एकदम वळले आणि धावत जिन्याने वर गेले. एकसष्टाव्या वर्षी माणूस असा धावताना मी पाहिला नव्हता. वर लाल चाकाचा व्हॉल्व्ह आहे, अगदी शेवटच्या उपायाचा. तो उघडला की थंड पाणी थेट मालात जातं आणि बॅच संपते. बाबांनी तो पूर्ण उघडला.

मी ओरडत होते, "बाबा, काय करताय? नव्वदसुद्धा नाही झाले!"

पडदा एक्क्याण्णवपर्यंत गेला आणि खाली आला. ट्रिपला सात अंश बाकी होते. सहा टन माल केटलमध्ये दह्यासारखा फुटला.

बाबा खाली आले तेव्हा शर्ट घामाने चिकटला होता. साहेब धावत आले, "कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" बाबा म्हणाले, "केटलने." कुणीतरी हसलं. मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

२५ फेब्रुवारी, बुधवार

अहवाल मलाच लिहायचा होता. तासभर कॉम्प्युटरसमोर बसले. पडद्याच्या नोंदी काढल्या, सर्वोच्च तापमान एक्क्याण्णव. मोटर, पाणी, वाफ यांत कुठे अलार्म नाही. 'यंत्रणेत कोणताही दोष आढळला नाही. ऑपरेटरने अनावश्यक हस्तक्षेप केला.' हे वाक्य साहेबांनी सुचवलं, पण ते खोटं आहे असं मला म्हणता आलं नाही. सही केली.

बाबांना निवृत्तीपर्यंत घरी राहायला सांगितलंय. पगार चालू राहील. गेटवरच्या माणसाने त्यांचं ओळखपत्र मागून घेतलं तेव्हा मी माझ्या खिडकीतून बघत होते.

संध्याकाळी बाबांनी एवढंच विचारलं, "सही तुझी आहे?"

"हो."

"बरं."

२ मार्च, सोमवार

केटल साफ करायला दोन आठवडे लागतील. आत माल घट्ट बसलाय, छिन्नीने फोडताहेत. मी साहेबांना म्हटलं, बंद आहेच तर वायर वेगळी करून घेऊ. ते म्हणाले, "रेघ सरळ आहे ना? मग चालत्या गाडीला हात कशाला लावता?"

आमच्या कंपनीचा दुसरा कारखाना आहे, तिथे हुबेहूब अशीच केटल. हेड ऑफिसने माझ्या प्रोग्रॅमची फाइल मागवली. मी नव्या वेगासकट पाठवून दिली. आज तिथल्या ऑपरेटरचा फोन आला होता. गोड बोलतो. "ताई, तुमच्या प्रोग्रॅमने आमचं काम निम्मं केलं बघा. पूर्वी डोळ्यांत तेल घालून बसायचो, आता पाय पसरून बसतो." दिवसभर बरं वाटत होतं.

घरी बाबा खिडकीपाशी बसून असतात. आईने त्यांना कपाटं आवरायला लावली आहेत. आवरलेलं कपाट पुन्हा आवरतात.

९ मार्च, सोमवार

कालचं लिहिते. काल लिहिणं शक्य नव्हतं.

रविवार होता. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसले होते. हेड ऑफिसला दाखवायला एक चित्र हवं होतं, फिल्टरच्या आधीची वेडीवाकडी रेघ आणि नंतरची सरळ. सेन्सरकडून येणारा मूळ आकडाही खोकं साठवून ठेवतं. तो मी कधी उघडला नव्हता, उघडायचं कारण पडलं नव्हतं. कुठली तरी बॅच घ्यायची म्हणून २४ फेब्रुवारीची घेतली.

उड्या गाळून मधली रेघ पाहिली. सव्वाअकराला पडद्यावर एकोणनव्वद होते तेव्हा केटलमध्ये नव्याण्णव होते.

ट्रिपची मर्यादा आधीच ओलांडली होती. ट्रिप पडला नाही, कारण ट्रिपलाही मी तोच सरासरीचा आकडा दिला होता. फिल्टर केला त्या दिवशी हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माल इतक्या वेगाने तापत होता की दीड मिनिटाची सरासरी म्हणजे शिळी बातमी. भोंगा झाला असता, पण तोवर ऐकायला कुणी उरलं नसतं. डायल चढताना चार अंश जास्त दाखवायचा. तो बरोबर होता.

मोटरचा विद्युतप्रवाहही काढला. रोज तेवीस अँपिअर असायचा, त्या दिवशी बाबा धावले तेव्हा एकतीस. माल घट्ट होत होता, मोटर ओढत होती.

"बाबा," मी म्हटलं, "तुम्ही बरोबर होतात."

ते कपाटापाशी होते. "ते मला माहीत आहे. तुला कशावरून कळलं?"

मी दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोन्ही रेघा बराच वेळ पाहिल्या. "हां. हाच तो जडपणा." रागावले नाहीत. मग म्हणाले, "आणि ते दुसरीकडे पाठवलंयस ते?"

देवाशपथ सांगते, तोपर्यंत मला ते सुचलं नव्हतं.

फोन लावला. रविवारी तिकडे काम चालू असतं. तोच ऑपरेटर.

"बोला ताई! आज सुट्टीच्या दिवशी?"

"बॅच चालू आहे?"

"चालू आहे. एकदम झकास. रेघ सरळ."

"मोटरचे अँपिअर सांगा."

"थांबा हं. पस्तीस."

"लाल चाक उघडा. आत्ताच्या आत्ता."

"ताई, साहेबांना विचारावं लागेल. बॅच जाईल ना."

"मी सांगते ना! उघडा!"

त्याने रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग पावलं. आणि मागून मोटर. एक खोल, ओढल्यासारखा घरघराट, दम लागलेल्या जनावरासारखा. इतके दिवस मी तशाच मोटरपासून दहा पावलांवर बसले आणि हा आवाज काल पहिल्यांदा ऐकला.

बाबांनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला, कानाला लावला. त्यांचा चेहरा मी बघत होते. तिकडे कुणीतरी रिसीव्हर उचलला असावा.

"अरे, पाणी राहू दे!" बाबा ओरडले. "वेळ गेली! सगळे बाहेर पळा! त्यालाही बोलवा, खाली बोलवा त्याला! पळा!"

आई स्वयंपाकघरातून धावत आली. फोनमध्ये लांब कुठेतरी कुणी हाका मारत होतं. मग एखादी जड फळी फरशीवर आपटावी तसा आवाज झाला. मग काहीच नाही.

बाबांनी फोन खाली ठेवला नाही. पाच मिनिटं तसेच कानाला धरून उभे होते.

१२ मार्च, गुरुवार

तो ऑपरेटर आज सकाळी गेला. जिन्यावर सापडला होता, चाकापासून चार पायऱ्या खाली. पोहोचून परत येत होता की पोहोचलाच नव्हता, ते कुणालाच सांगता येत नाही. बाकीचे चौघे बाहेर आले, त्यांना खरचटण्यापलीकडे काही नाही.

कंपनीचं पत्र आलंय. माझ्या 'प्रसंगावधानामुळे' चार कामगारांचे प्राण वाचले. साहेबांनी ते सूचनाफलकावर लावलं. लोक येऊन हात मिळवतात. पैलवानाने नाही मिळवला, नुसता बघत राहिला.

चौघं बाबांच्या शब्दावर पळाले. तो पाचवा माझ्या शब्दावर वर गेला.

बाबांना म्हटलं. ते म्हणाले, "मीसुद्धा आधी पाणीच म्हटलं असतं." बाबांना खोटं बोलता येत नाही. बोलले की डावा हात खिशात घालतात. हात खिशात होता.

मी मूळ आकड्यांचा कागद साहेबांना दिला. त्यांनी घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवला. "चौकशी समिती येतेय सोमवारी. विचारलं तेवढंच सांगा. तुमचं नाव चांगलं झालंय, ते का घालवता? आणि गेलेला माणूस काही परत येणार नाही."

हे ऐकताना एक क्षण मला सुटल्यासारखं वाटलं. ते इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे सांगायची लाज वाटेल.

१६ मार्च, सोमवार

समितीत तिघं होते, मध्ये एक बाई. टेबलाच्या या बाजूला मी आणि साहेब. बाईंनी आधी माझं कौतुक केलं. मग विचारलं, "फोन करावासा का वाटला तुम्हाला?"

साहेब माझ्याकडे बघत होते. मी बॅगेतून दुसरी प्रत काढली आणि सुरुवातीपासून सांगितलं. एकाच ट्रेमधली वायर, पाचाचे नव्वद, ट्रिप, डायल, वाढवलेला वेग, बाबांविरुद्धचा अहवाल, माझी सही. शेवटी फोन, आधी मी काय म्हणाले आणि मग बाबा काय म्हणाले.

"त्या क्रमाने फरक पडला असं तुम्हाला वाटतं?"

"तो ऐकणारा माणूस होता, बाई. मी उघडा म्हटलं, तो उघडायला गेला."

मग बाईंनी विचारलं, "ही फाइल आणखी कुठे गेली आहे?"

"मी हेड ऑफिसला दिली. पुढे त्या एकाच कारखान्यात गेली."

"एकाच?" त्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होते. म्हणाले, "कौतुक झालं होतं ना. हेड ऑफिसने आपल्या बाकीच्या युनिट्सनाही पाठवली असेल. मला नक्की कल्पना नाही."

मला कामावरून थांबवलंय. बाबांवरचा ठपका काढायचं समितीने तिथेच लिहून घेतलं. घरी सांगितलं तेव्हा आई रडली. बाबा म्हणाले, "किती युनिट्स?"

१७ मार्च, मंगळवार

चार.

हेड ऑफिसने पत्र पाठवतो म्हणून सांगितलं. पत्र पोहोचायला, मग कुणीतरी ते वाचायला, मग कुणाची तरी परवानगी घ्यायला. मी बाईंना फोन केला. त्यांनी दहा मिनिटांत चारही कंट्रोल रूमचे नंबर मिळवून दिले आणि म्हणाल्या, "माझं नाव सांगा."

सकाळी साडेनऊला बसलो. मी टेबलाच्या एका बाजूला, बाबा दुसऱ्या. फोन मधे, स्पीकरवर. ठरवलं, की बॅच चालू असेल तर आधी रिसीव्हर मोटरच्या दिशेने धरायला सांगायचं, बाबा ऐकणार, आणि ते सांगतील तेच मी बोलणार. माझं डोकं वापरायचं नाही.

पहिलीकडे केटल रिकामी होती. त्यांनी चावी काढून ठेवतो म्हणून सांगितलं. दुसरीकडे बॅच नुकतीच तापायला लागली होती. बाबा ऐकून म्हणाले, "हलका आहे. दुसरा द्रव थांबवा, गार होऊ द्या." तिथल्या माणसाने दोनदा विचारलं की कोण बोलतंय. मी म्हटलं, इथले ऑपरेटर बोलतायत. तिसरीकडे अजून फाइल घातलीच नव्हती. त्यांनी उलट मलाच विचारलं, कधी घालायची?

चौथीकडे फोन उचलत नव्हते. अकरा वेळा लावला. बाबा उठून उभे राहिले. आईने चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली.

बाराव्या वेळी एका बाईने उचलला. मागून मोटर ऐकू येत होती. बाबांनी डोळे मिटले.

"बॅच चालू आहे का?" मी विचारलं.

"चालू आहे ना. आता चढणीला लागेल. मी वर गेले होते, म्हणून फोन ऐकू आला नाही. कोण बोलतंय?"

मी नाव सांगितलं.

"अय्या, मॅडम तुम्ही! तो प्रोग्रॅम तुम्हीच लिहिलाय ना?"

बाबांनी डोळे उघडले. बोटाने खूण केली. अजून वेळ आहे, थोडा आहे.

"हो," मी म्हटलं. "मीच लिहिलाय. चुकलाय तो. त्यातली रेघ खोटी आहे. तिच्याकडे बघू नका. आधी दुसरा द्रव बंद करा, मी फोनवरच आहे."